शिक्षकांना पाण्याखालचा रोबोट बनवायला शिकवताना

शिक्षकांसाठी पाण्याखालच्या रोबोटची कार्यशाळा घ्यायची असेल, तर सगळे भाग आधीच जोडून हातात देण्याचा मोह आवरावा. मोटारीत पाणी का शिरले हे ज्याने एकदा स्वतः शोधून काढले आहे, तो शिक्षक वर्गात रोबोट बंद पडला तरी गोंधळत नाही. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या ‘सी ग्रँट’ या सागरी विभागाने २००३ साली सुरू केलेल्या ‘सीपर्च’ या पाण्याखालच्या रोबोटची रचना सरावासाठी फार चांगली आहे. त्यात पीव्हीसी पाइपचा सांगाडा, १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या तीन छोट्या मोटारी आणि काठावरच्या स्विचपेटीपर्यंत येणारी लांब केबल असते.

सांगाडा लवकर होतो. पाइपांना भोके मात्र आठवणीने पाडावीत, नाहीतर आत अडकलेली हवा रोबोटला बुडूच देत नाही.

खरा वेळ मोटारींना द्यावा. पाणी शिरू नये म्हणून मोटार छोट्या डबीत ठेवून भोवती मेण भरतात. डबीत बसवण्यापूर्वी प्रत्येक मोटार दोन्ही दिशांना फिरवून पाहावी, तिच्या अंगावरची छिद्रे चिकटपट्टीने बंद करावीत, डबीच्या तळाच्या भोकातून मोटारीचा फिरणारा दांडा बाहेर काढावा आणि मगच मेण ओतावे. मेण फार गरम असेल तर ते फटीतून थेट मोटारीत उतरते. म्हणून ते किंचित दाट होऊ लागेपर्यंत थांबायला सांगावे. गार झालेली डबी बादलीत बुडवून पाहावी. दांड्याजवळून बारीक बुडबुड्यांची माळ वर येत राहिली, तर तिथे मेण पोहोचलेले नाही असे समजावे. ही खूण शिक्षकांना स्वतःलाच सापडू द्यावी, आपण बोट दाखवू नये.

यानंतर समतोल साधावा. फोमचे तुकडे वरच्या पाइपांवर आणि वजन खाली बांधले, तर रोबोट कलंडला तरी आपोआप सरळ होतो. मोटारी बंद असताना तो अगदी सावकाश वर येत असेल, तर समतोल योग्य आहे. गोड्या पाण्याचे वजन लिटरमागे सुमारे १००० ग्रॅम, तर समुद्राच्या पाण्याचे सुमारे १०२५ ग्रॅम असते. त्यामुळे तीन लिटर पाणी बाजूला सारणाऱ्या रोबोटला समुद्रात सुमारे ७५ ग्रॅम वजन जास्त बांधावे लागते. हे गणित शिक्षकांकडून फळ्यावर करून घ्यावे आणि मग मिठाच्या पाण्यात पडताळून पाहावे.

बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज असलाच पाहिजे, आणि घरगुती विजेवर चालणारे कोणतेही उपकरण पाण्याच्या काठावर येता कामा नये. याबाबतीत सूट नाही.

चालवायला शिकवताना आधी एकाच मोटारीचा सराव घ्यावा. उजवी पुढे आणि डावी मागे फिरवली की रोबोट जागच्या जागी डावीकडे वळतो. तसे न झाल्यास बहुधा एका मोटारीच्या तारा उलट जोडलेल्या असतात. शिक्षकांच्या जोड्या कराव्यात. एकाने स्विच हाताळावेत, दुसऱ्याने केबल ढिली सोडत राहावे आणि दहा मिनिटांनी जागा बदलावी, कारण ताणलेली केबल रोबोटला मागे खेचते आणि चालवणाऱ्याला मोटारच कमजोर असल्याचा भास होतो.