चार्टमधले बार काळानुसार रंगवताना

रिपोर्टिंगच्या कामात नव्याने आलेले लोक हमखास विचारतात, "कंडिशनल फॉरमॅटिंगने (अट लावून आपोआप) सेल रंगवले, मग चार्टमध्ये रंग का नाही आला?" तो येणारच नाही. एक्सेलचा चार्ट सेलमधला आकडा उचलतो, सेलचा रंग नाही. चार्टमध्ये रंग मिळतो तो सिरीजला, म्हणजे एका कॉलममधून आलेल्या आकड्यांच्या गटाला. त्यामुळे दोन काळांना दोन रंग हवे असतील, तर आधी दोन सिरीज हव्यात.

हाताने रंगवता येतं. पहिल्या क्लिकला सगळी सिरीज निवडली जाते, दुसऱ्या क्लिकला तो एकच बार. एकदाच दाखवायच्या स्लाइडला ते पुरतं. दर महिन्याला डेटा वाढत असेल तर मात्र त्या वाटेला जाऊ नका.

समजा ए कॉलममध्ये तारखा आहेत आणि बीमध्ये आकडे. शेजारी दोन कॉलम घ्या: 'जुनी पद्धत' आणि 'नवी पद्धत'. सीमेची तारीख, म्हणजे जिथून नवा काळ सुरू होतो ती, एका वेगळ्या सेलमध्ये लिहा, फॉर्म्युल्यात कोंबू नका. कुणी "सीमा महिनाभर मागे घेऊन बघू" म्हणालं की तेवढा एक सेल बदलायचा. पहिल्या कॉलममध्ये इफ (IF) लावा: तारीख सीमेच्या आधीची असेल तर बीमधला आकडा, नाहीतर एनए (NA(), म्हणजे 'आकडा नाही' सांगणारी एरर). दुसऱ्यात सीमेची किंवा त्यानंतरची तारीख असेल तर आकडा. तारखांच्या तुलनेतलं बरोबरचं चिन्ह (=) दोघांपैकी एकातच हवं. दोन्हीकडे दिलं तर सीमेवरचा बार दुप्पट उंच होतो, कुठेच नसेल तर गायब. (बेरीज बी कॉलमचीच घ्या, एनए असलेल्या कॉलमची साधी बेरीज एररच देते.)

चार्टसाठी बी वगळून तारखा आणि हे दोन कॉलम निवडा आणि स्टॅक्ड कॉलम चार्ट (सिरीजचे बार एकावर एक रचणारा) घाला. एका तारखेला एकाच कॉलममध्ये आकडा असल्यामुळे काहीही एकावर एक चढत नाही, आणि लेजंडमध्ये (कोणता रंग कशाचा ते सांगणाऱ्या चौकटीत) काळांची नावं आपोआप येतात. क्लस्टर्ड (सिरीजचे बार शेजारी-शेजारी ठेवणारा) घेतलात तर बार बारीक आणि एका बाजूला सरकलेले दिसतील. तिथे सिरीज ओव्हरलॅप १०० टक्के करा.

सगळे बार 'नव्या' रंगाचे झाले तर फॉर्म्युल्याला दोष देण्याआधी तारखा तपासा. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या तारखा पुष्कळदा टेक्स्ट असतात, आणि तुलनेत एक्सेल टेक्स्टला कोणत्याही संख्येपेक्षा मोठं धरतं. म्हणून प्रत्येक तारीख सीमेच्या पुढची ठरते. सेलमध्ये डावीकडे चिकटलेली तारीख दिसली की संशय घ्यावा. 'टेक्स्ट टू कॉलम्स'मध्ये तारखेचा क्रम सांगितला की ती सहसा सुधारते.

रंगांबद्दल माझं मत ठाम आहे: मागचा काळ राखाडी, ज्याबद्दल बोलायचंय तो गडद. लाल-हिरवी जोडी टाळा, काहींना ते दोन रंग वेगळे दिसत नाहीत. काळ चार-पाच झाले तर एकाच रंगाच्या फिकट-गडद छटा वापरते मी, आणि त्याहून जास्त असतील तर सरळ दोन चार्ट करते.