अहिल्याबाईंचे चरित्र माहितीपटात मांडताना

अहिल्याबाई होळकरांवर माहितीपट करायचा असेल, तर सुरुवात चौंडीतील जन्मापासून न करता १७५४ च्या कुंभेरीच्या वेढ्यापासून करावी, कारण तिथे पती खंडेराव मारले गेले आणि सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी थांबवले. त्यानंतरचे मृत्यू एकामागून एक मोजत बसू नये. १७६६ मध्ये सासरे आणि १७६७ मध्ये मुलगा मालेराव गेला, हे निवेदनातील एका वाक्यात सांगता येते. वेळ राखावा तो १७९१ साठी, जेव्हा जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुलगी मुक्ताबाई आईच्या विनवण्यांनंतरही सती गेली.

हा प्रसंग नट-नट्यांकडून करवून घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. महेश्वरच्या घाटावर पहाटे कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर ठेवावा, नर्मदेचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करावा आणि तेवढा वेळ निवेदन पूर्ण थांबवावे.

मात्र त्यांना केवळ शोकमूर्ती करणे हा अन्याय ठरेल. त्यांचा कारभार दाखवण्यासाठी मोडी वाचणाऱ्या जाणकाराला सोबत घ्यावे आणि पत्रातील ओळ त्याच्याच तोंडून, अडखळत का होईना, वाचून घ्यावी. काशी विश्वनाथाचे मंदिर, महेश्वरचे हातमाग यांची दृश्ये याच भागात यावीत. शेवटी १३ ऑगस्ट १७९५ हा मृत्युदिन पडद्यावर अक्षरांत दाखवला, तरी पुरे.