पिकअप ४० मिमी उचलताना किटशिवाय आणखी काय लागतं?

व्ही-क्रॉस किंवा हायलक्स थोडी उचलायची म्हटली की दुकानातली यादी लांबतच जाते: पुढच्या चाकांना चासीशी जोडणारे वरचे आर्म, पुढचा डिफरन्शियल खाली घेणारा डिफ ड्रॉप, लांब ब्रेक होज, वळताना गाडी कलणं रोखणाऱ्या अँटी-रोल बारच्या लिंक. पुढे नवी स्प्रिंग आणि तिला जुळणारा शॉकअप, मागे नवा पाटा (लोखंडी पानांची स्प्रिंग), असं जुळलेलं किट असेल तर ४० मिमीपर्यंत यातलं बहुतेक काही लागत नाही. लागतात ते मागचा पाटा एक्सलला आवळणारे नवे यू-बोल्ट, व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटचं सेटिंग. ५० मिमीच्या आसपास पुढच्या वरच्या आर्मचा प्रश्न खरा होतो. त्याच्या पुढे गेलात तर पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या एक्सलच्या कोनाचाही.

उचलण्याने काय मिळत नाही, हे आधी पक्कं करा. सस्पेन्शन उचललं की चासी, बंपर आणि इंजिनखालची पत्र्याची ढाल वर जाते. मागच्या एक्सलचा डिफरन्शियलचा गोळा आहे तिथेच राहतो, कारण त्याची जमिनीपासूनची उंची फक्त टायरवर ठरते. २६५/६० आर १८ च्या जागी २६५/६५ आर १८ टायर घातला तर व्यास साधारण २६ मिमी वाढतो आणि गोळा त्याच्या निम्मा, म्हणजे १३ मिमी वर येतो. शिवाय स्पीडोमीटर सुमारे साडेतीन टक्के कमी दाखवू लागतो. म्हणून मुंबईत हिंदमाता किंवा मिलन सबवेला पाणी तुंबलं की उचललेल्या गाडीचाही मागचा एक्सल तितकाच बुडतो. त्याचा ब्रीदर पाइप (आतली हवा ये-जा करणारी नळी) वर घेतलेला नसेल तर गरम गोळा पाण्यात थंड होताना पाणी आत ओढतो. मुंबईत गाडी वापरणाऱ्याने डिफ ड्रॉपवर पैसे घालण्याआधी ब्रीदर तपासावा.

कागदांचंही आधीच बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्टपणे सांगितलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. किट घेण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही लेखी विचारा. सोसायटीच्या पार्किंगचा उंचीचा बोर्डही वाचा. हायलक्स मुळातच १,८१५ मिमी उंच आहे, त्यावर कॅरिअर असेल तर बेसमेंटच्या तुळईखाली ४० मिमीही महाग पडतात.

आता माप. सपाट जागेवर, रोजच्या वजनासह, चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंत मोजा आणि लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरच्या हवेने आकडा हलतो. मोजण्याआधी प्रत्येक कोपरा दोन-तीनदा दाबून सोडा. बहुतेक पिकअप मागून मुद्दाम उंच असतात, वजन टाकल्यावर समतल व्हाव्यात म्हणून. पुढे ४० मिमी उचलून मागे काहीच केलं नाही, तर हौद्यात सामान भरल्यावर गाडीचं नाक वर जातं, समोरच्याच्या डोळ्यांत लाइट जातो आणि वेगात स्टिअरिंग हलकं लागतं. नेहमी वजन नेणाऱ्याने मागून सुरुवात करावी.

पुढच्या बाजूला सगळं यावर ठरतं की उंची कशाने मिळाली. नवी स्प्रिंग आणि तिच्यासाठी बनवलेला शॉकअप हा सरळ मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे शॉकअपच्या डोक्यावर बसणारा स्पेसर, आणि इथेच लोक फसतात. शॉकअप आर्मवर आतल्या बाजूला बसतो, त्यामुळे २० मिमी जाडीचा स्पेसर चाकापाशी साधारण दीडपट ते दुप्पट उंची देतो. जाडी म्हणजेच उंची असं समजून ४० मिमीचा स्पेसर घेतला, तर उचल ६० च्या पुढे जाते. शिवाय स्पेसरमुळे अख्खा शॉकअप खाली सरकतो. चाक लटकलं की आर्म पूर्वीपेक्षा खाली जातो, बॉल जॉइंट कोनात अडकतो आणि वरचा आर्म स्प्रिंगला टेकतो. चाक पूर्ण वर आलं तर बंप स्टॉपला (चाकाची वरची हालचाल थांबवणाऱ्या रबराला) लागण्याआधीच शॉकअप आतून तळाला आपटतो. पावसाळ्यातल्या आपल्या खड्ड्यांत त्याची आतली व्हॉल्व अशीच तुटते. मोठा स्पेसर लावायचाच असेल तर जाड बंप स्टॉप हा जास्तीचा भाग खरोखर लागतो. उंच स्प्रिंग आणि तिच्यावर स्पेसर अशी जोडी मात्र कधीही करू नका.

किट बाहेरून मागवलं असेल तर ते कुठल्या बाजूच्या स्टिअरिंगसाठी आहे ते विचारा. काही किटमध्ये ड्रायव्हरच्या बाजूची स्प्रिंग किंवा स्पेसर थोडा उंच असतो. डाव्या स्टिअरिंगचा सेट आपल्या गाडीला तसाच लावला तर ती उजवीकडे झुकते. ऑस्ट्रेलियात स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे, त्यामुळे तिथल्या बाजारासाठी बनलेल्या किटमध्ये ही अडचण येत नाही.

वरचे आर्म लागतात का, याचं उत्तर कॅटलॉगमध्ये शोधू नका, गाडीवर बघा. चासीखाली स्टँड लावून पुढची दोन्ही चाकं लटकू द्या. वरचा आर्म आणि स्प्रिंग यांच्यात बोट जाईल इतकी फट हवी. बॉल जॉइंटचं रबर ताणलेलं नको. ब्रेक होज आणि एबीएसची वायर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवल्यावरही सैल राहायला हवी. होज ताणला जात असेल तर आधी त्याचा चासीवरचा ब्रॅकेट थोडा खाली घेऊन बघा, बऱ्याचदा तेवढंच पुरतं. फोर-व्हीलमध्ये चाक हाताने फिरवा आणि एक्सलच्या रबर बूटच्या घड्या एकमेकींवर घासतात का ते पाहा. त्या घासल्या की बूट फाटतो, ग्रीस उडून जातं, पाणी-चिखल आत शिरतो आणि काही दिवसांत वळताना टकटक सुरू होते. टू-व्हीलवर चालवतो म्हणून एक्सल झिजणार नाही, हा गैरसमज आहे. पुढची चाकं एक्सलपासून हाताने सोडवता येणारे हब नसतील तर चाकाबरोबर हे एक्सल कायम फिरतातच.

डिफ ड्रॉप या घासण्यावरचा इलाज आहे, पण तो पुढचा गोळा २० ते २५ मिमी खाली आणतो, म्हणजे जी उंची विकत घेतली तिच्यातली निम्मी तिथे परत जाते. ४० मिमीला तो नको. अँटी-रोल बारच्या लिंकही या उंचीला तशाच चालतात.

मागे चार मार्ग आहेत. मागच्या पाट्याखाली ठोकळा घालणं सर्वांत स्वस्त, पण ब्रेक मारताना आणि जोर लावताना एक्सल जास्त पिळला जातो. एकच ठोकळा, कंपनीचा किंवा ओतीव लोखंडाचा, एकावर एक कधीच नाही. पाट्याचं टोक चासीला जोडणारी शॅकल लांब घेतली तर वाढीच्या निम्मीच उंची मिळते आणि गोळ्याचा कोन फिरतो. जास्तीचं एक पान टाकणं वजन नेणाऱ्याला ठीक, रिकाम्या गाडीत मात्र पाठ दुखते. पूर्ण नवा पाटा सर्वांत चांगला. कुठलाही मार्ग घ्या, यू-बोल्ट नवेच घ्या, जुने एकदा ताणले गेले की तितकी पकड देत नाहीत. मागच्या ब्रेकला वजनानुसार दाब बदलणारी व्हॉल्व असेल, तर तिचा दांडा उचलीइतका जुळवून घ्यावाच लागतो. नाहीतर भरलेली गाडीही व्हॉल्वला रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. या कामात काटकसर नको.

किनाऱ्यालगत राहणाऱ्या गाडीत लोअर आर्मचे कॅम बोल्ट (फिरवून चाकाचा कोन जुळवायचे) बुशच्या नळीत गंजून बसलेले असतात. दोन दिवस आधीपासून गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि नव्या कॅम बोल्टचा एक सेट हाताशी ठेवा, कारण ते कापावे लागले तर गाडी वर्कशॉपमध्येच अडकते. नवे बसवताना दांड्याला अँटी-सीझ लावा. आर्मचे आणि पाट्याच्या डोळ्यांचे बोल्ट आधी हलके आवळा, गाडी चाकांवर उभी करून टॉर्क पान्याने पूर्ण कसा. चाकं लटकलेली असताना कसले तर रबर बुश पिळलेल्या अवस्थेत पक्के होतात, काही महिन्यांत फाटतात आणि उंचीही चुकीची दिसते. स्प्रिंग दाबायचं काम घरी करू नका.

त्याच दिवशी अलाइनमेंट करा आणि छापील आकडे मागा. टो (चाकांची पुढची टोकं किती आत-बाहेर वळली आहेत ते) तर बदलतोच, पण बघायचा तो कॅस्टर (स्टिअरिंगचा अक्ष मागे किती कललेला आहे तो कोन). कॅम बोल्ट टोकापर्यंत फिरवूनही कॅस्टर कंपनीच्या मर्यादेत येत नसेल, तर वरचे आर्म बदलायचं ते कारण. वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नाही, हायवेवर गाडी भटकते, ही त्याची लक्षणं.

हेडलाइटसाठी काम सुरू करण्याआधीच भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करून प्रकाशाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा किती सेंटिमीटर खाली आहे ते मोजा. उचलल्यावर तेवढंच अंतर पुन्हा जुळवा.

मग रिकामी गाडी घेऊन सायन-पनवेल हायवेवर एक चक्कर मारा. उभ्या गाडीतून जोर देऊन सुटताना खालून घरघर आली, तर ती दोन तुकड्यांच्या प्रॉपेलर शाफ्टच्या मधल्या बेअरिंगची. बेअरिंगचा ब्रॅकेट आणि चासी यांच्यामध्ये १० मिमीच्या आसपासचे वॉशर घालून तो थोडा खाली घेतला की ती बहुधा जाते. १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा कसा, ५०० नंतर आणखी एकदा. हजार किलोमीटरपर्यंत स्प्रिंगा थोड्या बसतात, तेव्हा हब ते फेंडर पुन्हा मोजून अलाइनमेंट दुसऱ्यांदा करून घ्या.