स्वतःच्या सर्व्हरवर जित्सी: तिसरा माणूस आत येईपर्यंत खूश होऊ नका

आमच्या कॉलेजची ऑनलाइन लेक्चरं आणि स्टाफ मीटिंगा मी आमच्याच सर्व्हरवरच्या जित्सीवर (व्हिडिओ कॉलचं मोफत सॉफ्टवेअर) चालवतो. सॉफ्टवेअर बसवणं सोपं आहे, डोकं लावावं लागतं ते पोर्ट (सर्व्हरचे नंबरवार नेटवर्क-दरवाजे) आणि अपलोडसाठी.

सर्व्हर भाड्याने घ्या, शक्यतो मुंबईच्या डेटा सेंटरमधला. चार कोअर, आठ जीबी रॅम. ऑफिसातला जुना पीसी जुंपायचा मोह आवरा. पुष्कळ ब्रॉडबँडवाले स्वतंत्र पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोहोचता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता) देतच नाहीत. सर्व्हरवर उबुंटू लिनक्स टाका, डोमेन सर्व्हरच्या आयपीकडे वळवा, मगच जित्सीचं पॅकेज बसवा. बसवताना विचारेल तेव्हा लेट्स एन्क्रिप्टचं मोफत सर्टिफिकेट निवडा, एचटीटीपीएस त्यावरच चालतं. एचटीटीपीएसशिवाय ब्राउझर माइक-कॅमेऱ्याला हात लावू देत नाही.

फायरवॉलमध्ये टीसीपी 80 आणि 443 उघडा, आणि यूडीपी 10000 (टीसीपी, यूडीपी हे डेटा पाठवायचे दोन प्रकार). कडक नेटवर्कवरून येणाऱ्यांसाठी यूडीपी 3478 आणि टीसीपी 5349 सुद्धा. राहून जातो तो नेमका 10000, कारण तो बंद असला तरी दोघांचा कॉल झकास चालतो: दोघंच असले की जित्सी दोन्ही ब्राउझर थेट जोडून देतं. तिसरा आला की सगळं व्हिडिओब्रिजमार्गे (सर्व्हरवरचा चित्र-आवाज वाटणारा भाग) जायला लागतं आणि चित्र-आवाज गुल. म्हणून चाचणीला तिघं हवेत, त्यातला एक मोबाइल डेटावर. तेही प्राचार्यांना दाखवायच्या आधी. सर्व्हरवाल्याच्या पॅनलमध्येही बहुधा वेगळी फायरवॉल असते, तीही बघा.

आता अपलोड. ब्रिज प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवतो. सरांचा 720चा व्हिडिओ साधारण अडीच मेगाबिटचा. साठ पोरं धरली तर सर्व्हरमधून सेकंदाला 150 मेगाबिट बाहेर. त्यात पोरांचेही कॅमेरे चालू झाले तर विचारूच नका. कॉन्फिग फाइलमध्ये दहाव्यानंतर येणाऱ्यांचा माइक आणि कॅमेरा सुरुवातीला बंद ठेवा, आणि 'लास्ट एन' चार करा, म्हणजे नुकतेच बोललेले चारच दिसतात.

मूळ सेटिंगमध्ये कुणीही येऊन रूम उघडू शकतो. प्रोसडीत (जित्सीसोबत बसणारा, खाती सांभाळणारा भाग) लॉगिन लावा. खाती फक्त शिक्षकांना, पोरं पाहुणी. आणि रूमचं नाव नुसतं 'फिजिक्स' ठेवू नका, दुसऱ्या वर्गातली कार्टी येऊन बसतात.

रेकॉर्डिंगसाठी जित्सीचंच जिब्री हे वेगळं सॉफ्टवेअर आहे, पण एक जिब्री एका वेळी एकच मीटिंग टिपतो आणि त्याला वेगळा सर्व्हर दिलेला बरा. आमचे सर आपल्या लॅपटॉपवर ओबीएस (स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) लावून मोकळे होतात.