घड्याळाच्या केसवर लेझर वेल्डिंग: खड्ड्याच्या तळाशी काय राहतं

घड्याळाच्या केसला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाला, गंजून पडलेले खड्डे लेझरनं धातू वितळवून भरतात. ‘लेझरनं भरलेली केस टिकते का हो?’ असं कुणी नवशिक्यानं विचारलं की मी आधी विचारतो, भरण्यापूर्वी खड्डा किती खोदला होतास? ३१६एल या घड्याळांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या स्टेनलेस स्टीलवर नीट बसलेला वेल्ड वर्षानुवर्षं काम देतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. लेझरचा एकेक पल्स काही मिलिसेकंदांचा आणि ठिपका एक मिलिमीटरच्या आतला असतो. उष्णता इतकी कमी पसरते की केस बोटांत धरून लग (पट्टा अडकवायचा कान) भरता येतो. बिघडतं ते वेल्डच्या खाली.

मला हे उमगायला फार वेळ लागला, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो. मागचं झाकण जिथे बसतं, तिथल्या गॅस्केटच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याच्या, कडेला घाम आणि मळ साचतो. फटीत प्राणवायू पोचत नाही, त्यामुळे स्टीलवरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर तुटला की पुन्हा धरत नाही. घामातले क्लोराइड तिथेच जमतात, आतला ओलावा आम्लधर्मी होतो आणि धातू आतल्या आत खात जातो. खड्ड्याचं तोंड वरून टाचणीच्या टोकाएवढं दिसतं, पण पोट बरेचदा त्याहून मोठं असतं. त्यावर थेट भरणीची धातूची वायर वितळवली तर आतले क्षार, ग्रीस आणि ओलावा यांचा वायू होतो. तो बाहेर पडायच्या आत स्टील गोठतं आणि बुडबुडे अडकून राहतात. वरून वेल्ड देखणा दिसतो. बफिंगनं वरचा थर गेला की काळे ठिपके उघडे पडतात, आणि नेमके गॅस्केटच्या वाटेवर असतील तर तिथूनच पाणी आत शिरतं. कीड न काढता दातात सिमेंट भरण्यासारखंच आहे हे.

नुसत्या अल्ट्रासोनिक धुलाईवर विसंबू नका, अरुंद तोंडाच्या खड्ड्याचा तळ त्यानं साफ होईल याची खात्री नाही. मायक्रोस्कोपखाली कार्बाइड बरनं (कोरायच्या बारीक फिरत्या टोकानं) तोंड रुंद करा आणि चकचकीत धातू लागेपर्यंत खोदा. खड्डा मोठा झालेला पाहून जीव वरखाली होतो, माझा अजूनही होतो, पण खोदायचं थांबवू नका. मग धुवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, पूर्ण वाळवा. भरताना पातळ थर द्या, प्रत्येक ठिपका आधीच्या ठिपक्यावर अर्ध्याहून जास्त चढू द्या आणि दर थरानंतर मायक्रोस्कोपमधून बघा. काळा ठिपका दिसला तर त्यावर आणखी एक शॉट मारून तो दाबायचा नाही. कापून काढायचा. शॉट मारून दाबायला शिकवणारा कितीही नावाजलेला असो, त्याच्याकडे शिकू नका. गुरू निवडताना त्याच्या चकाकत्या केसेस पाहून भुलू नका. परत आलेलं घड्याळ तो कसा उघडतो ते बघा.

धातू ओळखल्याशिवाय लेझरच्या पेडलवर पाय ठेवू नका. ३०३ स्टीलमध्ये यंत्रकाम सोपं व्हावं म्हणून गंधक घातलेलं असतं, त्यामुळे वेल्ड गोठताना तडकतो. रोलेक्स १९८५ पासून वापरत आलेलं ९०४एल स्टीलही गोठताना तडकू शकतं. तिथे त्याच जातीची वायर घ्या, नाहीतर पॉलिशनंतर जोडाचा रंग वेगळा दिसेल. टायटॅनियमवर हवा दूर ठेवणारा आर्गॉन वायू कमी पडला तर वेल्ड निळा किंवा राखाडी होतो आणि ठिसूळ बनतो. तो चांदीसारखा उजळच राहायला हवा. सोनं प्रकाश परतवतं, म्हणून त्याला जास्त ऊर्जा लागते. क्रोम चढवलेल्या पितळी केसचं काम सरळ नाकारा. पितळेतलं जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, त्यामुळे भरण्याऐवजी भोकं पडतात.

हात थरथरतो म्हणून घाबरू नका, मायक्रोस्कोपखाली सुरुवातीला सगळ्यांचाच थरथरतो. त्याच धातूच्या भंगार केसवर सेटिंग बसवा, तो वेल्ड मधोमध कापून आत बुडबुडे आहेत का ते पाहा. याला पर्याय नाही, आणि व्हिडिओ पाहून हे येत नाही.

घड्याळाचं आतलं मशीन अर्थातच आधी काढून ठेवलेलं असतं. ते परत बसवायची घाई करू नका. रिकाम्या केसला काच, चावी आणि झाकण लावून आधी पाण्यातली दाबचाचणी घ्या, बुडबुडे कुठून येतात ते दिसतं. गॅस्केट जिथे बसतं त्या बसणीची पातळीही तपासा, कारण वेल्ड पक्का असूनही ती घासताना तिरकी झाली तर गॅस्केट दबत नाही. एवढं निभावलं तरी डायव्हिंगच्या घड्याळाला मूळ खोलीची हमी मी देत नाही, तुम्हीही देऊ नका. मालकाला कुठे आणि कोणत्या वायरनं भरलंय ते लिहून द्या. संग्राहकाला ते कळण्याचा हक्क आहे, आणि पुढे ती केस बफवर धरणाऱ्यालाही ते ठाऊक हवं.