वॉर्साच्या घेट्टोची दंडपट्टी: एकांकिकेसाठी शिवताना

घेट्टोचा, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीचा, प्रवेश म्हटला की वेशभूषावाले छातीवर पिवळा तारा लावून मोकळे होतात. वॉर्सात तो चालत नाही. व्याप्त पोलंडचा जर्मन गव्हर्नर-जनरल हान्स फ्रँक याच्या 23 नोव्हेंबर 1939 च्या हुकुमाने, 1 डिसेंबरपासून, उजव्या बाहीवर किमान 10 सेंमी रुंद पांढरी पट्टी सक्तीची झाली. वॉर्सात तिच्यावर निळा तारा असे: समोरासमोरच्या टोकांत 8 सेंमी, रेघ 1 सेंमी जाड. ‘यूडे’ (ज्यू) लिहिलेला पिवळा तारा जर्मनीतला, तोही सप्टेंबर 1941 पासूनचा. पोलंडमधल्याच वुच (Łódź) शहरातही पट्टी होती, पण पिवळी आणि जेमतेम महिनाभर. तिथला घेट्टो बंद झाला तेव्हा छातीवर आणि पाठीवर तारे आले होते. म्हणून आधी संहितेतलं गाव आणि साल पाहा, मग कापड घ्या.

पुण्यात रविवार पेठेत कापडगंजातून 44 इंच पन्ह्याचं सुती पॉपलिन 1 मीटर 10 सेंमी घ्या. आधी धुवा, नाहीतर पहिल्या धुण्यात पट्टी आटते आणि तारा सुरकुततो. 45 × 12 सेंमीचे तुकडे कापले की सोळा निघतात. लांब कडा एकेक सेंमी दुमडून शिवल्या की रुंदी 10 होते.

ताऱ्यासाठी 4 सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. कंपास न हलवता परिघावर सहा खुणा करा आणि एकाआड एक जोडा. एक टोक वर हवं.

रंगाच्या वाटेला जाऊ नका. कापडावर रंग फुटतो, आणि स्टेन्सिल कापलं तर मधले त्रिकोण गळून पडतात. बोहरी आळीत 1 सेंमीची सुती निळी फीत मिळते; सॅटिन नको, दिव्याखाली चमकते. फितीची बाहेरची कड रेघेवर ठेवून आधी एक त्रिकोण पूर्ण शिवा, दुसरा त्यावर. कोपऱ्यात घडी घालून इस्त्री मारा, नुसती वळवली तर टोक गोल होतं. एका ताऱ्याला घड्यांसकट 48 सेंमी लागते, सोळांना 8 मीटर पुरते.

पट्ट्या चहात बुडवून ‘जुन्या’ करण्याची हौस असते. पण मळकी किंवा चुरगळलेली पट्टी घातली तर तिथे शिक्षा होई. धुता येणाऱ्या सेल्युलॉइडच्या पट्ट्याही विकल्या जात. तेव्हा इस्त्रीच करा.

पिन लावू नका, हात उचलला की पट्टी कोपरावर घसरते. कोटाच्या बाहीला चार कच्चे टाके घाला. हुकूम आतल्या कपड्यालाही लागू होता, म्हणून जो नट रंगमंचावर कोट काढतो त्याच्या सदऱ्यावरही पट्टी हवी. दहा वर्षांखालचं मूल असेल तर त्याला मुळीच नाही.