बोरचं पाणी, काळी गाडी आणि पांढरे ठिपके: धुतल्यावर गाडी कोरडी कशी करायची

काळी गाडी धुणं काही अवघड नाही, अवघड आहे ती कोरडी करणं, आणि आपल्याकडं मराठवाड्यात तर जास्तच, कारण पाणी बोरचं, ऊन कडक आणि फुफाटा बारमाही. मी लातूरला राहतो, गाडी सॉलिड काळी, मेटॅलिकची चमक नसलेली, त्यामुळं तिच्यावर काहीच लपत नाही. मागच्या मे महिन्यात मामेबहिणीचं लग्न होतं, सकाळी अकराच्या सुमाराला अंगणात गाडी धुतली, घाईत हाताला आला तो पंचा फिरवला आणि निघालो. मंगल कार्यालयापाशी पोचेपर्यंत बोनेटभर पांढरी कडी उठली होती, एकेका थेंबाचं एकेक कडं, मधी काळं आणि भोवती रांगोळीची रेघ ओढल्यासारखं. मामांनी त्याच्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "काय रे, चुना उडाला का गाडीवर?"

मामा बरोबर बोलले, तो एक प्रकारे चुनाच असतो. बोरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, आपण त्याला जड पाणी म्हणतो, पाणी उडून जातं आणि क्षार जागेवर राहतात. उन्हाळ्याच्या शेवटी कूलरचं गवत बघा, कसं पांढरं आणि कडक होतं, बाथरूमच्या नळाच्या तोंडाशी कसा थर बसतो, हे तेच आहे, फक्त काळ्या पेंटवर ते दहा फुटांवरून दिसतं. साधा हिशोब करा, पाण्याचा टीडीएस, म्हणजे एका लिटरमधी विरघळलेले क्षार किती मिलिग्रॅम ते, १००० असेल तर एका लिटरमधी एक ग्रॅम क्षार. धुतल्यावर गाडीवर समजा अर्धा लिटर पाणी राहिलं आणि ते आपोआप वाळलं, तर अर्धा ग्रॅम पावडर तुम्ही स्वतःच्या हातानं गाडीवर शिंपडली. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्याच्यात टीडीएस ५०० पर्यंत चांगला धरलाय आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलाय, म्हणजे जे पाणी प्यायला पास होतं ते काळ्या गाडीला नापास होऊ शकतं. टीडीएस मोजायचा पेन दोन-तीनशे रुपयात मिळतो, घरातल्या आरओवाल्याकडं तर असतोच, एकदा बोरचं, टँकरचं आणि नळाचं असं तिन्ही पाणी मोजून बघा, मग कशानं धुवायचं हे कुणाला विचारावं लागणार नाही.

म्हणून सगळ्या कामाचा एकच नियम मी धरलाय, गाडीवरचं पाणी आपोआप वाळू द्यायचं नाही. पुढं जे काय सांगतोय ते सगळं ह्याच्यासाठीच.

पहिलं म्हणजे वेळ. काळा रंग ऊन ओढून घेतो, एप्रिल-मेमधी नऊ वाजताच बोनेटवर हात ठेववत नाही, आणि तापलेल्या पत्र्यावर पाणी पडलं की तुम्ही टॉवेल हातात घेईपर्यंत ठिपका तयार. मी उन्हाळ्यात सकाळी सहाला सुरू करतो आणि ऊन गाडीवर यायच्या आत आटपतो. आमच्या शेजारचे काका फिरायला निघाले की रोज विचारायचे, "इतक्या पहाटं काय करूलालास?" आता त्यांची गाडीपण सहाला बाहेर असते. सकाळी जमत नसेल तर दिवस मावळल्यावर धुवा, पण तेव्हा पत्रा दिवसभराचा तापलेला असतो, हाताची मागची बाजू बोनेटला लावून बघा, गार लागला तरच पाणी मारा. लांबून चालवून आणलेली गाडी तर तासभर सावलीत उभी ठेवायचीच, बोनेट खालच्या इंजिनमुळं उशिरापर्यंत गरम राहतं.

धुण्याबद्दल जास्त बोलत नाही. कोरडं फडकं किंवा झटकणी काळ्या गाडीला कधीच नाही, आपल्या धुळीत बारीक खर असते आणि त्याच्या रेघा पेंटमधी उतरतात, त्या मग कितीबी पुसल्या तरी जात नाहीत. आधी नुसत्या पाण्यानं धूळ खाली उतरवा, मग दोन बकेट, एकीत कार शाम्पू आणि दुसरीत मिट, म्हणजे गाडी धुवायचा मऊ हातमोजा, विसळायला साधं पाणी. कपड्याची पावडर आणि भांड्याचं लिक्विड नको, त्यानं वॅक्स निघून जातं. उन्हाळ्यात अख्खी गाडी एकदम फेसात घालायची नाही, टप आणि काचा धुवून लगेच पाणी मारायचं, मग बोनेट-डिकी, मग बाजू, आणि दुसरीकडचं काम चालू असताना आधी धुतलेल्या भागावर मधूनमधून पाणी सोडत राहायचं, म्हणजे तो भाग ओला राहतो.

आता शेवटचं पाणी. माझ्या मते निम्मं काम हितंच होतं आणि नेमकं हेच कुणी करत नाही. बोरच्या पाण्यानं सगळी गाडी धुवा, काही हरकत नाही, पण शेवटचं जे पाणी अंगावरून जाणार ते कमी क्षाराचं पाहिजे. मी घरच्या आरओचं पाच-सात लिटर पाणी आदल्या रात्री भरून ठेवतो. वीस लिटरचा पाण्याचा जार घेत असाल तर त्यातलं चालतं, आधी पेननं मोजून घ्या, १०० च्या खाली असेल तर उत्तम. इथं एक चूक बरेच जण करतात, आरओच्या पाइपातून वाया जाणारं पाणी जपून ठेवतात आणि त्यानं गाडी विसळतात. ते फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा, गाडीवर शेवटी नको, कारण आरओनं गाळलेले सगळे क्षार त्याच पाण्यात जास्त घट्ट होऊन आलेले असतात. कूलरच्या टाकीतलं पाणी तर त्याहून वाईट. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र चांगलं, ते हवेतलं असतं, त्यात क्षार जवळपास नसतात, फडक्यातून गाळून घ्यायचं, पण आपल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते फार पडत नाही, पावसाळ्यात बकेटभर मिळतं. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटरपण चालतं, फक्त कॅन नीट बघून घ्या, त्याच दुकानात तसल्याच कॅनमधी अॅसिड असतं.

हे पाणी मग्यानं ओतलं तर संपून जातं. झाडांना फवारायचा दोन लिटरचा हातपंप घ्या किंवा शेतातला पाठीवरचा बॅटरी पंप असतो तसा, पण नवा, औषध मारलेला पंप गाडीलाच काय, कशालाच वापरू नका. नोजल मोठं सोडून वरून खाली हळूहळू मारायचं, आरओचं पाणी बोरच्या पाण्याला ढकलून खाली नेतं. ज्या गावात २०१६ च्या एप्रिलमधी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं राहतो मी, पाइप लावून अर्धा तास गाडीवर पाणी सोडणं मला तरी जमत नाही, आणि तशी गरजबी नाही. ह्या पद्धतीनं सगळं मिळून तीन-चार बकेटच्या आत होतं.

पाइपनं धुत असाल तर अजून एक गोष्ट करून बघा, शेवटी गन काढून टाका आणि नुसत्या पाइपाचं तोंड टपाच्या मधोमध, पत्र्याच्या अगदी जवळ धरून पाणी संथ सोडा. फवाऱ्यानं हजारो थेंब बसतात, संथ पाण्याचा मात्र एक पडदा होतो आणि उतरताना तो बाकीचे थेंब सोबत घेऊन जातो. वॅक्स केलेल्या गाडीवर हे डोळ्यांनी दिसतं, अर्ध्याहून जास्त भाग पुसायच्या आधीच मोकळा होतो.

टॉवेलवर पैसे वाचवू नका. जुनं बनियन, धोतराचं फडकं, आंघोळीचा टॉवेल, हे सगळं काळ्या गाडीला चरे पाडतं, शॅमॉय, म्हणजे ते चामड्यासारखं फडकं, तेपण मला पटत नाही, ते सपाट असतं आणि खर अडकली की तीच पत्र्यावर घासत जाते. दाट मायक्रोफायबरचा ड्राइंग टॉवेल घ्या, ८०० ते १२०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, जास्त असेल तेवढं कापड जाड), साधारण ६० बाय ९० सेंटिमीटरचा, दोन असले की पुरे. शेवटच्या हातासाठी पातळ, ३००-४०० जीएसएमची दोन कापडं वेगळी. नवा टॉवेल आधी एकदा धुवा नाहीतर धागे सोडतो, आणि कडेचं लेबल कापून टाका, त्याची कड रेघ पाडते.

आता पुसायचं कसं. पुसायचंच नाही खरं तर. टॉवेलवर थोडं आरओचं पाणी फवारून किंचित ओलसर करा, अगदी कोरडं मायक्रोफायबर पहिल्यांदा पाणी धरत नाही, पुढं ढकलतं. मग दोन कोपरे धरून टॉवेल टपावर अंथरा, दोन-तीन सेकंद राहू द्या, तळहातानं हलकं थापटा आणि सरळ स्वतःकडं ओढून घ्या. दाबायचं नाही, टॉवेलच्या वजनानंच पाणी उचललं जातं. गोल गोल तर अजिबात नाही, काळ्या गाडीवर उन्हात जी कोळ्याच्या जाळ्यासारखी चकाकी दिसते ती पुसताना पडलेल्या बारीक रेघांचीच असते. टप, मग काचा, मग बोनेट, डिकी, मग दारं वरून खाली. दाराचा खालचा वीतभर भाग, बंपरची खालची बाजू आणि चाकं ह्यांना तो टॉवेल लावायचाच नाही, तिथं वेगळं कापड. मी एकदा एका वॉशिंग सेंटरवर गाडी दिली होती, पोरानं चाक पुसलेलं फडकं बकेटीत एकदा बुडवलं आणि तेच बोनेटवर घातलं, त्याच्या रेघा काढायला मला पॉलिश करावं लागलं. टॉवेल खाली मातीत पडला तर तो त्या दिवसापुरता संपला, झटकून परत वापरू नका. म्हणून दुसरा जवळ ठेवायचा.

बोनेटवर टॉवेल घालायच्या आधी डिटेलर स्प्रेचे, म्हणजे पेंटला चमक आणायच्या फवाऱ्याचे, दोन-तीन फवारे मारले तर टॉवेल घसरतो आणि राहिलेल्या थेंबाचा डागपण धरत नाही. पण दोन-तीनच. जास्त झालं की पट्टे येतात.

पट्टे आणि ठिपके ही दोन वेगळी दुखणी आहेत हे लक्षात घ्या. ठिपका पाण्यातल्या क्षाराचा. पट्टा येतो तो टॉवेल भरून गेल्यावरही तसाच फिरवत राहिल्यानं, शाम्पू नीट न निघाल्यानं, स्प्रे किंवा वॅक्स जास्त झाल्यानं, नाहीतर टॉवेल कपड्यांच्या कंडिशनरमधी धुतल्यानं. टॉवेल जड लागायला लागला की पिळा किंवा बदला. शेवटी पातळ कापडाची चार पदरी घडी करून एक हलका हात फिरवायचा, एक बाजू ओलसर झाली की घडी पलटायची, आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघायचं, समोरून काहीच दिसत नाही, तिरकं धरलं की सगळं दिसतं.

एवढं करूनपण दहा मिनिटांनी आरशाखालून एक ओघळ दारावर येतो. हे लपलेलं पाणी. आरशाचं घर, दाराची हँडलं, पेट्रोलचं झाकण, मागच्या लाइटच्या फटी, नंबर प्लेट, कंपनीचा लोगो, काचेखालचं रबर, वायपरखालची जाळी. छोटा ब्लोअर असेल, कॉम्प्युटरची धूळ उडवायचा असतो तसला, तर प्रत्येक फटीत चार सेकंद हवा मारा, धूळ असलेल्या जमिनीकडं तोंड करू नका नाहीतर सगळा फुफाटा परत गाडीवर. ब्लोअर नसेल तर दारं, डिकी, बोनेट उघडून कडा पुसा, मग गाडी कॉलनीतून एक चक्कर मारून आणा, दोन-तीन ब्रेक जरा जोरात दाबा, साठलेलं पाणी बाहेर येतं आणि ब्रेकच्या डिस्कपण वाळतात. परत आल्यावर पातळ कापडानं ते ओघळ टिपून घ्या.

आधीचे ठिपके बसलेले असतील तर घासू नका. पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं, कापड भिजवून सावलीत, गार पत्र्यावर एक-दोन मिनिट ठेवा, मग भरपूर पाण्यानं धुवून टाका, वाळू द्यायचं नाही. आम्लानं क्षार विरघळतो, त्याबरोबर वॅक्सपण जातो, तो परत लावा. आधी एका कोपऱ्यात करून बघा. दोनदा करूनपण कडं दिसत असेल तर ते वरच्या क्लिअर कोटमधी, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, उतरलंय, मग पॉलिश करणाऱ्या जाणत्या माणसाकडं जा. हा थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, केसापेक्षा बारीक, घरी कंपाउंड, म्हणजे घासून पॉलिश करायची पेस्ट, घेऊन जोर लावला तर तो कायमचा जातो. आणि रॉकेल-डिझेलचं फडकं मारायची जुनी सवय सोडा, दिवसभर चकाकतं आणि धूळ चिकटून बसते.

टॉवेल घरच्या कपड्यात टाकू नका, सुती कपड्याचे धागे त्यात अडकतात. वेगळं, थोड्या लिक्विडमधी, कंडिशनर न घालता, आणि बोरच्या पाण्यानं टॉवेलपण कडक होतो म्हणून शेवटी आरओच्या पाण्यात झाकणभर व्हिनेगर टाकून बुचकळा. वाळवा सावलीत, धूळ नसेल तिथं, आणि वाळला की पिशवीत.

दसऱ्याला सगळ्यांचीच घाई होते, सकाळी रांगेनं गाड्या धुतल्या जातात आणि ऊन वर येतं, म्हणून मी आदल्या संध्याकाळी पत्रा गार झाल्यावर धुवून, कोरडी करून, आत उभी करतो. पूजेला हळदी-कुंकू आणि स्वस्तिक पेंटवर न काढता काचेवर किंवा नंबर प्लेटवर काढायला आईला सांगितलंय, तिला ते पटलं. झेंडूचा हार ओला असतो, त्याचं पाणी बोनेटवर ओघळून वाळतं, तेव्हा हार बांधायच्या आधी जरा झटकून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी पाकळ्या हातानं उचला, फडक्यानं ओढू नका.